परदेशी भाषेचे क्लास वाढले, पण तिथल्या माणसांत वागायला कोण शिकवणार?

वाशिष्ठी

नमस्कार मंडळी,

चिपळूण, रत्नागिरी, कुडाळ या भागात जपानी आणि जर्मन शिकणारी मुलं आता सहज भेटतात. कारण उघड आहे. जपानने एप्रिल २०१९ मध्ये 'विशिष्ट कुशल कामगार' हा व्हिसा सुरू केला आणि जानेवारी २०२१ मध्ये भारताशी त्याबद्दल करार केला. जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी आपल्या राज्य सरकारने २०२४ मध्ये सामंजस्य करार केला. आंबा एक वर्ष येतो, एक वर्ष दगा देतो, मुंबईच्या गिरण्या तर कधीच संपल्या. मुलांनी बाहेर बघावं याचा मला आनंदच आहे. मी स्वतः जपानी शिकवते.

माझी मुलं मुख्यतः वृद्धांच्या सेवेच्या कामासाठी जातात, तिकडे त्याला काइगो म्हणतात. त्यासाठी एन-४ किंवा जेएफटी-बेसिक ही जपानी भाषेची परीक्षा लागते, शिवाय कामाची परीक्षा आणि काइगोच्या जपानीची परीक्षा वेगळी. आम्ही ते सगळं घोटून घेतो, मुलं पासही होतात. मग तिकडून फोन येतात. "बाई, शब्द कळत नाहीत" अशी तक्रार फार कमी असते. "बाई, मी काम नीट केलं, मग सगळे गप्प का झाले?" ही तक्रार जास्त.

एक प्रसंग सांगते, थोड्याफार फरकाने अनेकींच्या बाबतीत घडलेला. आपली मुलगी आजींच्या खोलीत जाते, प्रेमाने पांघरूण काढते, आधार देऊन उठवते, चाकांच्या खुर्चीत बसवते. घरी आजीचं तिने असंच केलेलं असतं. पण तिथे प्रत्येक हालचालीआधी बोलायचं असतं: आता पांघरूण काढते हं, आता खांद्याला हात लावते, आता उठूया. आजींना स्मृतिभ्रंश असला, त्या उत्तर देत नसल्या, तरीही. न सांगता अंगाला हात लावणं म्हणजे त्या माणसाला वस्तूसारखं उचलणं, असं तिथे मानतात. तिला ती सगळी वाक्यं येत होती, अगदी व्याकरणासकट. ती कधी बोलायची हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

दुसरी गोष्ट कळवण्याची. एखादे आजोबा नेहमीपेक्षा दोन घास कमी जेवले. आपल्याकडे एवढ्याशा गोष्टीसाठी वरिष्ठांना त्रास द्यायचा नाही हीच शिस्त. काही बिघडलं तर आधी आपणच निस्तरायचं, मग सांगायचं. तिथे बारीकसारीक गोष्ट लगेच सांगायची, वाईट बातमी तर सगळ्यात आधी, आणि नोंदीतही लिहायची. आपली मुलगी वाट बघते आणि तिथले लोक तिला बेजबाबदार समजतात. वाटेल ते करायला तयार असलेल्या कष्टाळू मुलीला बेजबाबदार समजावं, याचं मला फार वाईट वाटतं.

माझं म्हणणं असं की हे भाषेच्या बरोबरीने शिकवलं पाहिजे. विमानतळावर जायच्या आदल्या आठवड्यात दोन तासांचं भाषण देऊन भागणार नाही. तुमच्यापैकी जे बाहेर राहिलेत, बोटीवर आहेत, घरी परदेशी पाहुणे ठेवतात, त्यांनी लिहा. 'संस्कृती महान असते' वगैरे नको, नेमकं काय घडतं ते लिहा.

शास्त्रीपूल

ताई, विषय चांगला आहे, पण मी एका मुलाचा बाप म्हणून लिहितो. क्लासची फी, परीक्षेची फी, हॉस्टेल, सगळं कर्जाने चाललंय. त्याला दारात उभं करणारं एकच कागदपत्र आहे, ते म्हणजे परीक्षेचं सर्टिफिकेट. रीतीभाती माणूस तिथे गेल्यावर शिकतो. आमच्या आज्याला मुंबईला जाताना कोणी शिकवलं होतं? आधी भाषा पक्की करा. भाषा आली की माणूस विचारू शकतो, विचारलं की कळतं.

दर्यावर्दी

शास्त्रीपूल दादा, तुमची चिंता रास्त आहे. पण "विचारलं की कळतं" इथेच खरी अडचण आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी हर्णैचा, मर्चंट नेव्हीत सेकंड ऑफिसर.

बोटीवर भाषेचा प्रश्न जगाने फार महाग किंमत देऊन सोडवायला घेतला. एप्रिल १९९० मध्ये 'स्कँडिनेव्हियन स्टार' या प्रवासी बोटीला आग लागली, दीडशेहून जास्त माणसं गेली. बऱ्याच खलाशांना प्रवाशांची भाषा येत नव्हती आणि एकमेकांचीही नीट कळत नव्हती. २००१ मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने बोटीवरच्या संवादासाठी इंग्रजी वाक्यांचा ठरलेला संच स्वीकारला. आज दाभोळचा पोरगा, फिलिपिनो बोसन (खलाशांचा मुकादम) आणि युक्रेनचा चीफ इंजिनियर तीच वाक्यं बोलतात. भाषेचा प्रश्न बऱ्यापैकी सुटला.

तरी अपघात थांबले नाहीत, कारण वाक्य पाठ असणं आणि ते कॅप्टनच्या तोंडावर म्हणणं यात फरक आहे. ब्रिजवर, म्हणजे जिथून बोट चालवतात तिथे, ज्युनियरला दिसतंय की समोरची मच्छीमार बोट फार जवळ आलीय. कॅप्टनचं लक्ष दुसरीकडे आहे. आपल्या घरात लहानपणापासून काय शिकवतात? मोठ्यांना उलट बोलायचं नाही. त्यांनी बघितलंच असेल, आपण कोण सांगणारे! तो पोरगा गप्प राहतो. इंग्रजी येत असताना गप्प राहतो.

म्हणून ब्रिजवरचं टीमवर्क शिकवणारं प्रशिक्षण खलाशांच्या प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांतल्या २०१० च्या मनिला दुरुस्त्यांनी अधिकाऱ्यांना सक्तीचं झालं. ही पद्धत विमान वाहतुकीतून आली. ज्युनियरला शंका आली तर त्याने ती बोललीच पाहिजे, आणि कॅप्टनने ती ऐकलीच पाहिजे, असा तिचा गाभा. सुकाणूची ऑर्डर मिळाली की सुकाणूवाला ती मोठ्याने परत म्हणतो. यात अपमान कोणाचाच नाही. "समजलं का?" असं विचारलं की आपला पोरगा "येस सर" म्हणणारच, समजो न समजो. परत म्हणायला लावलं की खरं काय ते कळतं.

ताई, तुमच्या क्लासात एवढं एक जरी केलंत तरी पुष्कळ आहे. सूचना दिली की मुलांकडून ती परत म्हणवून घ्या, आणि "नाही समजलं" हे वाक्य त्यांच्याकडून रोज मोठ्याने वदवून घ्या. हे वाक्य प्रत्येक भाषेच्या पहिल्या धड्यात असतं. आपल्या मुलांच्या तोंडून ते शेवटपर्यंत निघत नाही.

सड्यावरची

दर्यावर्दी, शंभर टक्के अनुमोदन. मी राजापूरची, सध्या जर्मनीत नर्स आहे.

इकडे नर्स म्हणून मान्यता मिळवायला साधारण बी-२ या पायरीपर्यंत जर्मन लागतं, शिवाय बहुतेकींना पुरवणी प्रशिक्षण नाहीतर ज्ञानाची परीक्षा द्यावी लागते. ते सगळं पार करून आलेल्या हुशार मुली पहिल्या काही महिन्यांत रडताना मी पाहिल्यात. त्यांना जर्मन येत होतं. धक्का कामाचाच बसला.

आपल्याकडे पेशंटजवळ नातेवाईक बसतो. अंग पुसणं, भरवणं, कुशीवर वळवणं हे तो करतो, नाहीतर मावशी करतात. बीएस्सी नर्सिंग केलेली मुलगी सलाईन, इंजेक्शन, औषधं आणि चार्ट बघते. इथे नातेवाईक भेटायला येतात आणि निघून जातात. सकाळी पेशंटला आंघोळ घालणं, दात घासायला मदत करणं, जेवण भरवणं हे शिकलेली नर्सच करते. उलट शिरेतून रक्त काढणं, सलाईन लावणं बऱ्याच ठिकाणी डॉक्टर करतात. आपल्या मुलीला वाटतं, मला परदेशी म्हणून मावशीचं काम दिलं. ती घरी फोन करते, आईवडील एजंटला फोन करतात, मनं कडू होतात.

खरं तर त्या आंघोळीच्या वेळीच नर्स सगळं बघत असते: कातडी कुठे लाल झालीय, दम लागतोय का, माणूस आज उदास आहे का. इथल्या नर्सिंगमध्ये त्याला फार मान आहे. हे कोणी आधी समजावून सांगितलं असतं तर त्या मुलीने तेच काम अभिमानाने केलं असतं.

बोलण्याचा सडेतोडपणाही सांगायला हवा. सहकारी सगळ्यांसमोर म्हणेल, "हे चुकलं, असं करायचं नाही." आपल्याला मेल्याहून मेल्यासारखं होतं. पाच मिनिटांनी तीच बाई कॉफीला बोलावते, तिच्या मनात काहीही नसतं. आणि कॉफी एकदाच विचारतात! आपण सवयीने "नको" म्हणायचं आणि समोरच्याने आग्रह करायचा, हे इथे नाही. नको म्हटलं की विषय संपला. नवीन मुली अशाच उपाशी राहतात.

आपली मान हलवायची लकबही आहेच. "गोळी दिलीत ना?" या सहकाऱ्यांच्या प्रश्नाला पेशंटसमोर आपण मान डोलावली तर ती होकाराची आहे की नकाराची, हे त्यांना अजिबात कळत नाही. तोंडाने हो किंवा नाही म्हणायची सवय इथूनच लावून यावं.

तारकर्लीची_वयनी

मी मालवणीतच लिवतंय, समजान घेवा.

आमचो होमस्टे आसा. पावणे खंयखंयसून येतत. इंग्लिश माझ्या झिलाक बरा येता, माका कामापुरता येता. पण पावणो परत येता तो झिलाच्या इंग्लिशमुळे नाय, ह्या माका आता कळला हा.

सड्यावरचीन लिवल्यान तसाच. आमच्यात पावण्याक तीनदा विचारूचा, तो नको म्हणतलो, चौथ्यांदा वाढूचाच. ह्या लोकांका ताटात टाकूक आवडत नाय, मगे वाढलेला जबरदस्तीन खातत आणि दुसऱ्या दिवशी जेवणच नको म्हणतत. सासूक वायट वाटायचा. आता मी भांडी मध्ये ठेवतंय, ज्याचा त्यान घेवचा. सासू पण आता खूश.

एकटी बाई इली की "लग्न झाला? पोरा किती?" ह्या आमच्या तोंडार येताच. आमी आपुलकीन विचारतो, तेंका ता खाजगी वाटता. त्यापेक्षा मी तेंका बाजारात नेतंय, सुरमय कशी बघून घेवची ती दाखवतंय. मगे ती बाई आपणहून घरची गोष्ट सांगता.

आणि तेंका पण सांगूक व्हया. देवळात चपला काढा, बायांचो फोटो इचारल्याशिवाय काढू नको. रागान नाय, पयल्याच दिवशी चाय देताना सांगतंय. सांगलेला तेंका आवडता.

हापूसवाला

वयनी, एक नंबर!

आंब्याच्या धंद्यातलं थोडं. जपानने भारतीय आंब्यावरची बंदी २००६ मध्ये उठवली. वाफेच्या उष्णतेची प्रक्रिया करावी लागते आणि ती तपासायला त्यांचे अधिकारी इकडे येतात. आपण धरून चालतो की हापूस म्हटलं की वास आणि चव, सालीवर एखादा ठिपका असला तर काय बिघडलं? तिथे चांगलं फळ ही भेट द्यायची वस्तू आहे. लोक ते दुसऱ्याच्या घरी घेऊन जातात. ठिपका असलेलं फळ भेट देणं म्हणजे समोरच्याचा मान न ठेवणं. हे उमगलं की पॅकिंगचे त्यांचे लांबलचक नियम जाचक वाटत नाहीत.

दुसरं, तारखा. "दोन दिवसांत करतो" हे आपण समोरच्याला बरं वाटावं म्हणून म्हणतो. त्यापेक्षा "पाऊस आहे, सहा दिवस लागतील" हे त्यांना जास्त आवडतं. खरेदीदार तुटतात ते इथे.

खेडकर_कुवेत

अस्सलाम आलेकुम आणि सगळ्यांना नमस्कार. आमच्या खेड तालुक्यात आखातात कोणी नाही असं घर शोधावं लागेल. म्हणून वेगळा मुद्दा मांडतो.

आम्ही मुसलमान. नमाज तीच, रोजे तेच, कुराण वाचता येतं. म्हणून आमच्या पोरांना वाटतं की अरबांच्या मुलखात आपल्याला काय शिकायचंय! पण धर्म एक असला तरी चालीरीती एक नसतात. कोकणात आपण मित्राला सहज विचारतो, वहिनी कशा आहेत? तिकडे पुरुषाला थेट त्याच्या बायकोबद्दल विचारत नाहीत, घरचे सगळे कसे आहेत असं विचारायचं. कामाचं बोलायला गेलात तर बसल्या बसल्या कामाला हात घालायचा नाही. आधी खुशाली, आधी कहवा. कप रिकामा झाला की ते पुन्हा भरत राहतात. पुरे असेल तर कप हलकेच हलवून परत द्यायचा. हे माहीत नसलेला पोरगा संकोचाने पीत बसतो.

आणि 'आखात' असा एकच देश नाही. २०२२ पासून अमिरातीत सरकारी आठवडी सुट्टी शनिवार-रविवार झाली, कुवेतमध्ये ती शुक्रवार-शनिवारच आहे. दुबईत चालतं ते कुवेतला चालेलच असं नाही. दारूचंच बघा. दुबईत परवान्याच्या हॉटेलात मिळते, कुवेतमध्ये पूर्ण बंदी आहे. सुटीवरून परतताना कोणाच्या तरी सांगण्यावरून बॅगेत पार्सल घालणाऱ्या पोरांनी हे कायमचं लक्षात ठेवावं.

हिंदू पोरांनाही माझं सांगणं असतं की रमजानमध्ये दिवसा चारचौघांत पाणीसुद्धा पिऊ नका, आत जाऊन प्या. मग मगरीबला, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजेच्या वेळी, तेच लोक हाताला धरून इफ्तारला बसवतील.

अष्टागर

खेडकरभाई, "धर्म एक असला तरी" हे वाचलं आणि आमच्या अलिबागकडच्या बेने इस्राएल ज्यूंची आठवण झाली.

ते किती शतकं इथे राहिले याबद्दल मतं वेगवेगळी आहेत, पण गावाने त्यांना ओळखलं ते त्यांच्या वागण्यावरून. तेल गाळणारी ही माणसं शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. खवले आणि पर असलेलेच मासे ते खात. त्यांची प्रार्थनेची भाषा शेजाऱ्यांना येत नव्हती, धर्मही ठाऊक नव्हता, पण शनिवारी त्यांच्याकडे तेल मागायला जायचं नाही हे पक्कं माहीत होतं. अलिबागेत इस्रायल आळी आजही आहे.

१९४८ नंतर त्यातले बहुतेक इस्रायलला गेले. तिथे हिब्रू शिकले, कामाला लागले. धर्म एक, आता भाषाही एक. तरी १९६२ मध्ये तिथल्या मुख्य धर्मपीठाने त्यांच्या लग्नांसाठी पूर्वजांची चौकशी करायचा नियम काढला. कारण त्यांच्या पूर्वजांच्या लग्न-घटस्फोटाच्या रीती धर्मशास्त्राला धरून होत्या का, अशी तिथे शंका घेतली गेली. मोठी निदर्शनं झाली, १९६४ मध्ये माघार घ्यावी लागली. पुढे त्यांनी तिथे 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिकही चालवलं. शास्त्रीपूल दादांना म्हणून सांगावंसं वाटतं की भाषा आल्यावर सगळं आपोआप होतं असं नाही, आणि शिकण्याचं ओझं एकट्या पाहुण्यावर टाकणंही न्यायाचं नाही. यजमान देशानेही दोन पावलं पुढं आलं पाहिजे.

आमच्या कोर्लईत तर आणखी नवल आहे. पोर्तुगीज १७४० मध्ये गेले, पण गावातली पोर्तुगीज-मराठी मिश्रणाची बोली आजही घराघरात बोलली जाते. रत्नागिरीत ब्रह्मदेशाचा थिबा राजा १८८६ ते १९१६ कैदेत राहिला, त्याची नात रत्नागिरीकर म्हणून मराठी बोलत जगली. या किनाऱ्याला परक्या माणसांची सवय आहे, ती आपल्याला उपयोगी पडावी असं मनापासून वाटतं.

गुहागरी

सगळं वाचलं. पटलंही. पण एक भीती बोलून दाखवतो. जर्मन सडेतोड, जपानी अबोल, अरब पाहुणचारी, अशी लेबलं पोरांच्या हातात दिली तर नुकसानच होईल. 'कोकणी माणूस भांडखोर, कोर्टकचेऱ्या करणारा' असं देशावरचं कोणी म्हटलं की आपल्याला किती लागतं! जपानातसुद्धा टोकियोचा माणूस आणि ओसाकाचा माणूस सारखा बोलत नाही. एकाच वॉर्डात दोन जर्मन नर्सेस दोन तऱ्हेच्या असणार.

सड्यावरची

अगदी बरोबर. माझ्या वॉर्डात एक सहकारी इतकी हळुवार बोलते की तिचा नकार मला दोनदा विचारून घ्यावा लागतो. म्हणून वाशिष्ठीताईंनी "नेमकं काय घडतं" असं लिहिलं ते आवडलं. लोक कसे आहेत हे शिकवू नका, प्रसंग द्या. पेशंट ओरडला, सहकारी गप्प झाली, साहेबांनी ईमेलला उत्तर दिलं नाही. याची कारणं काय असू शकतील, आणि विचारायचं कोणाला? पहिल्या आठवड्यात एक माणूस असा हेरायचा की ज्याला "मी असं केलं तर चालेल का?" हे लाज न वाटता विचारता येईल.

सावर्डे_ते_सेंदाई

मी याच वर्षी निघणार आहे, अजून पोचलो नाही. दोन शंका आहेत. माझ्या घरी माळकरी वातावरण आहे, मासेसुद्धा चालत नाहीत. आणि मी मुलगा, तर वृद्ध बायकांना आंघोळ घालायची वेळ आली तर? दोन्ही गोष्टी इंटरव्ह्यूत बोलू की नको? बोललो तर नोकरी जाईल अशी भीती वाटते.

ओसाकाकर

सावर्डेकर, दोन्ही बोला, आणि आधी बोला. जपानात उशिरा कळलेली अडचण त्यांना जास्त खटकते.

जेवणाचं असं आहे की भाजीच्या डिशमध्येही बऱ्याचदा माशाच्या वाळलेल्या फोडींपासून केलेलं पाणी असतं. "मांस खात नाही" एवढं सांगून पुरत नाही, मासळीचं पाणीही चालत नाही हे स्पष्ट सांगावं लागेल. बहुतेकदा स्वतः रांधावं लागेल, तेव्हा भातआमटी शिकून या.

आंघोळीबाबत, शक्यतो बाईला बाईने आणि पुरुषाला पुरुषाने मदत करावी अशी इच्छा असते, पण माणसं कमी असतात, दरवेळी जमतंच असं नाही. अंग टॉवेलने झाकून, सांगत सांगत काम करायची रीत असते, ती लाज राखणारी आहे. तुम्ही मनाने तयार आहात का, हे इथूनच ठरवून या. नसाल तर दुसरी क्षेत्रं आहेत, शेती आहे, बांधकाम आहे, हॉटेलं आहेत.

हा व्हिसा पाच वर्षांचा आणि त्यात कुटुंबाला नेता येत नाही, हे घरी आधी नीट सांगा. पुढे काइगोची राष्ट्रीय परीक्षा पास झालात तर व्हिसा बदलतो, कुटुंबही आणता येतं. ज्यांना तिथे मुरायचंय त्यांना या परीक्षेचं लक्ष्य पहिल्या दिवसापासून ठेवावं लागतं.

आणि सुटीवरून परत जाताना सहकाऱ्यांसाठी खाऊचा डबा न्यायचा, सगळ्यांना पुरेल असा, एकेक वेगळा गुंडाळलेला. ही रीत तिथे फार मनापासून पाळतात. काजूवड्या न्या, मला त्याचा कायम चांगला अनुभव आहे.

शास्त्रीपूल

सगळ्यांचं वाचलं. नर्सचं वाचून गलबलून आलं. माझा प्रश्न आता एवढाच आहे की यासाठी किती वेळ आणि किती जादा पैसे? परीक्षेच्या अभ्यासातून वेळ काढला आणि पोरगं नापास झालं तर तो खर्च आमच्याच डोक्यावर.

वाशिष्ठी

दादा, जादा फी नाही, हे आधी स्पष्ट करते. वेगळा विषय म्हणून नकोच आहे मला. उठवणे, बसवणे, धुणे ही क्रियापदं शिकवते तेव्हाच एकाने पलंगावर झोपायचं आणि दुसऱ्याने प्रत्येक हालचाल आधी बोलून करायची. क्रियापदंही पक्की होतात, काइगोच्या जपानीच्या परीक्षेलाही ते उपयोगी पडतं. दर्यावर्दींनी सांगितलेलं परत म्हणवून घेणं उद्यापासून सुरू करते. ऐकण्याची परीक्षा त्याने सुधारेल असं मला वाटतं. युरोपात भाषेच्या ए-१ ते सी-२ पायऱ्या ठरवणारी चौकट २००१ मध्ये आली, तिच्यातसुद्धा समाजाच्या रीतींचं ज्ञान आणि दोन संस्कृतींमधल्या फरकाची जाण धरलेली आहे. आपण परीक्षेच्या घाईत तेवढंच पान गाळतो.

आठवड्याचा एक तास मात्र मला बाहेर राहून आलेल्या माणसांसाठी हवाय. मी जपानबद्दल बोलू शकते, पण वॉर्डातली रात्रपाळी किंवा ब्रिजवरची वॉच मी नाही सांगू शकत. गणपतीत चाकरमानी येतात तसे परदेशातले पुष्कळजण सुटी टाकून येतात. चिपळुणात एका वाचनालयाचा हॉल मिळतोय. गौरी गेल्यावर एक दिवस ठरवूया का? मुलांना त्यांचे प्रश्न आधीच कागदावर लिहून आणायला सांगते. आईवडिलांनीही यावं, फोनवर रडणाऱ्या मुलीला काय सांगायचं हे त्यांनाही कळायला हवं.

खेडकर_कुवेत

मी तेव्हा खेडलाच आहे, इन्शाल्ला येतो. शुक्रवार असेल तर दुपारी दोननंतर ठेवा, जुम्म्याची नमाज करून निघेन. आखाताला जाणारी पाच-सहा पोरं माझ्याबरोबर येतील.

सड्यावरची

मला सुटी मिळणार नाही, पण व्हिडिओवर एक तास नक्की. तिकडे संध्याकाळचे सहा असतील तेव्हा इथे दुपार असते, मला जमेल. नर्सिंगच्या मुलींना पुढे बसवा.

दर्यावर्दी

अनंत चतुर्दशीच्या आत ठेवा, त्यानंतर माझं जॉइनिंग आहे. हर्णैहून फिलिपिनो बोटींवर काम केलेले दोन खलाशी काका आणतो. ते लिहीत नाहीत, पण बोलायला लागले की ऐकत राहावं असे आहेत.

शास्त्रीपूल

आम्ही दोघं नवरा-बायको येतोय. पोरग्याचे प्रश्न त्याच्याकडूनच लिहून घेतो. संगमेश्वरहून एक सुमो ठरवतोय, कोणाला यायचं असेल तर इथेच कळवा.